चित्राखाली माप आणि माध्यमही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण अधूनमधून समकालीन चित्रकारांची रंगीत, उजेडाने भरलेली निसर्गचित्रं आणि समुद्रचित्रं छापता. चित्रकलेला जागा देणारी वर्तमानपत्रं आता थोडीच उरली आहेत, म्हणून आधी आभार. तक्रार आहे ती चित्राखालच्या ओळीबद्दल. तिथे चित्रकाराचं नाव असतं, कधी तेही नसतं. 'निसर्गाची मुक्त उधळण' असं काहीतरी मात्र हमखास असतं. चित्र केवढं, कशात केलेलं, कोणत्या सालचं, यांपैकी काहीच नसतं. शिवाय तीन कॉलमांत बसावं म्हणून कडा छाटलेल्या असतात. नुसतं बघून पान उलटणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. पण गावोगावची मुलं आणि निवृत्तीनंतर ब्रश हाती घेतलेली मंडळी ही पानं कापून वहीत चिकटवतात, त्यांवरून शिकतात. त्यांची पार फसगत होते.

मापाचंच बघा. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २००७ साली इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये वॉर्टर गावाजवळच्या झाडांचं एक तैलचित्र केलं. ५० कॅनव्हास एकमेकांना जोडून ते झालं आहे. रुंदी १२ मीटरच्या वर, उंची साडेचार मीटर. ते काम झाडांसमोर उभं राहून, एकेक कॅनव्हास रंगवत झालं. सगळं चित्र एकत्र बघायला जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक तुकड्याचा फोटो काढून तो संगणकावर जोडून पाहत पुढचा तुकडा रंगवला गेला. आता दुसरं टोक. बैरुतमध्ये जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियातला तमाल्पाइस डोंगर वर्षानुवर्षं रंगवणाऱ्या एतेल अदनान यांची (१९२५–२०२१) बरीचशी तैलचित्रं मांडीवर मावतील एवढी आहेत. कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवायचा आणि ट्यूबमधला रंग पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, सपाट ओढायचा, ही त्यांची रीत. डोंगर म्हणजे एक पट्टा, समुद्र म्हणजे दुसरा.

वर्तमानपत्रात ही दोन्ही चित्रं सारखीच, तीन कॉलमांची. हॉकनींच्या चित्रात तळहाताएवढी जाड असलेली फांदी छपाईत केसाएवढी होते. शिकणारा ती बघतो, शून्य नंबरचा ब्रश काढतो आणि चौथाई शीटवर फांद्यांची जाळी विणत बसतो. दोन तासांनी झाड जळमटासारखं दिसायला लागतं आणि 'मला जमत नाही' असा निष्कर्ष निघतो. वास्तविक त्या फांद्या रुंद ब्रशच्या एकेका फटकाऱ्यात आलेल्या असतात. चित्राखाली 'तैलरंग, ५० कॅनव्हास, ४.५ × १२ मीटर, २००७' एवढं छापलं असतं तर त्याने हातातला ब्रश तरी बदलला असता.

रंगांची फसगत याहून मोठी. वर्तमानपत्राचा कागद मुळात पिवळट राखाडी. चित्रातला सर्वांत उजळ पांढरा त्यावर त्या कागदापेक्षा उजळ होऊ शकत नाही, आणि शाई कागदात शोषली जात असल्याने सर्वांत गडद काळा गडद राखाडीवर थांबतो. शिवाय चार शाईंच्या छपाईत झगझगीत नारिंगी, पोपटी, टर्क्वॉइज (हिरवट निळा) आणि स्वच्छ जांभळा हे रंग बसतच नाहीत. रंगीत निसर्गचित्राची भिस्त नेमकी यांच्यावर असते. मोबाइलवर उलटा प्रकार. पडदा स्वतः उजेड फेकतो, वर बहुतेक फोन 'व्हिव्हिड' सेटिंगवर असतात, त्यामुळे मूळ चित्रात मवाळ असलेला निळाही पेटलेला दिसतो. त्याची बरोबरी करायला मुलं मवाळ कोबाल्ट निळ्याच्या जागी थॅलो ब्ल्यू हा भडक निळा घेतात, तोही घट्ट, आणि मग आकाश फिकट करता येत नाही. थॅलो कागदाला धरून बसतो, धुतला तरी निघत नाही. फोनवर चित्र अभ्यासायचं तर आधी डिस्प्लेचं सेटिंग 'नॅचरल' करावं, पडद्याचा उजेड निम्म्यावर आणावा आणि शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून बघावं.

याला एक अपवाद आहे, आणि तोही हॉकनींचाच. २०११ मध्ये वोल्डगेट रस्त्यावरचा वसंत त्यांनी आयपॅडवर काढला. २०२० मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीतला वसंतही तसाच, आणि त्यातली ११६ चित्रं २०२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली. या चित्रांच्या बाबतीत पडदा हेच मूळ, कागदावरचा छाप नंतरचा. तिथला हिरवा जलरंगात मिळवायचा प्रयत्न करू नये. तो रंगद्रव्याचा हिरवा नाहीच.

मग या चित्रकारांकडून घ्यायचं काय? रंगांची यादी तर अजिबात नको. घ्यायचा तो त्यांनी उजेडाचा हिशेब कसा बसवला हा भाग. कोरा पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी ८० ते ९० टक्के परत फेकतो, गडद काळा रंग चार-पाच टक्के. म्हणजे चित्रकाराच्या हातात सगळा मिळून साधारण वीस पटींचा आवाका. पाण्यावर चमकणारं ऊन आणि खडकाच्या कपारीतली सावली यांच्यातला फरक हजारो पटींचा. हजारोंचं विसात आणायचं तर काहीतरी सोडावं लागतं, आणि काय सोडायचं याची आजच्या चित्रकारांत दोन घराणी दिसतात.

पहिल्या घराण्यात उजेड शेजाऱ्यामुळे दिसतो. मूळ झाग्रेबचे, आता मेलबर्नचे जोसेफ झबुकविच, आपल्याकडे पुण्याचे मिलिंद मुळीक, नाशिकचे प्रफुल्ल सावंत हे जलरंगाचे कसबी या बाजूचे. त्यांच्या चित्राचा फार मोठा भाग मध्यम छटेच्या राखाड्यांनी व्यापलेला असतो: निळसर राखाडी, तपकिरीकडे झुकलेला, जांभळट. कोरा कागद अगदी थोडा सोडलेला, आणि तो बरोबर गडद जागेला खेटून. ऊन झगझगतं ते आजूबाजूच्या सावलीमुळे. शुद्ध लाल किंवा नारिंगी चित्रात कुठेतरी नखाएवढा, एखाद्या छत्रीपुरता किंवा होडीच्या पट्टीपुरता. 'रंगीत' वाटणारी ही चित्रं चौकट-चौकट तपासली तर किती कमी रंगीत आहेत याचं आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या घराण्यात गडद-फिकट मुद्दाम जवळ आणलेलं असतं आणि फरक रंगाच्या जातीत टाकलेला असतो. स्टुटगार्टमध्ये जन्मलेले, हान्स हॉफमन यांच्याकडे शिकलेले आणि अमेरिकेत व्हरमाँटमधली झाडं-कोठारं रंगवणारे वुल्फ कान (१९२७–२०२०) यांची गुलाबी-जांभळी खोडं आणि मागचा नारिंगी-पिवळा बघा. अशा चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर बराचसा भाग एकाच राखाडीत जातो. डोळ्याला तिथे फिकट-गडदाचा आधार मिळत नाही, फक्त रंग बदललेला कळतो, म्हणून ती जागा थरथरते. ही युक्ती नवी नाही. क्लोद मोने यांच्या १८७२च्या प्रसिद्ध सूर्योदयातला नारिंगी सूर्य कृष्णधवल केला की मागच्या राखाडी आभाळात जवळजवळ विरून जातो. अदनान आणि हॉकनीही याच बाजूचे. हॉकनींच्या २००९च्या तोडलेल्या लाकडांच्या चित्रात बुंधा जांभळा, ओंडके नारिंगी आणि मागची झाडं निळी आहेत. बघणाऱ्याला ते खटकत नाही, कारण सगळं चित्र एकाच कायद्याने चालतं.

आपल्या बहुतेक होतकरू चित्रांचा घोटाळा इथेच आहे. पहिल्या घराण्याची राखाडी, धुकट पार्श्वभूमी घ्यायची आणि तीत दुसऱ्या घराण्याचा जांभळा बुंधा उभा करायचा. मग राखाडी मळकट दिसतो, जांभळा चिकटवलेला दिसतो, आणि चित्र कॅलेंडरच्या जवळ जातं. दोन्ही रस्ते उत्तम आहेत, पण एका कागदावर एकच. कोणत्या रस्त्याने जायचं हे पेन्सिल टेकवायच्या आधी ठरवायचं.

अभ्यासाची एक पद्धत सांगतो. ती कोणाही चित्रकाराच्या चित्राला लागू पडते. चित्र समोर ठेवा आणि ५ × ७ सेंटिमीटरची चौकट आखा. मूळ चित्र उभं असेल तर चौकट उभी. त्यात फोरबी (4B) या मऊ पेन्सिलने फक्त तीन छटा भरा: कोरा कागद, मधला, गडद. चौथी छटा वापरायची नाही, रेषाही काढायची नाही. दहा मिनिटांत झालं पाहिजे; जास्त वेळ लागतोय म्हणजे तुम्ही झाडं काढताय, छटा नव्हे. तीन छटांत चित्र ओळखू येत असेल तर ते पहिल्या घराण्याचं. सगळं मधल्याच छटेत जात असेल तर दुसऱ्या. खात्री करायची तर फोनचा साधा 'मोनो' फिल्टर लावा. 'न्वार'सारखे नाट्यमय फिल्टर नकोत, ते छटांतलं अंतर वाढवून दाखवतात.

नंतर दोन-दोन सेंटिमीटरचे आठ चौकोन. चित्रातले सर्वांत मोठे आठ भाग निवडून त्यांचा रंग जुळवायचा. सर्वांत आकर्षक भाग नव्हे, सर्वांत मोठे. जलरंग वाळल्यावर चांगलाच फिकट होतो, म्हणून ओला चौकोन थोडा जास्त गडद दिसला पाहिजे. ॲक्रिलिकमध्ये उलट, वाळल्यावर गडद होतं. आठ चौकोन तयार झाले की त्यातले ट्यूबमधल्या रंगाइतके तेजस्वी किती आणि मोडलेले, म्हणजे दुसरा रंग मिसळून मंद केलेले, किती ते मोजा. पहिल्या घराण्यात आठापैकी एखादाच तेजस्वी निघतो, कधी तोही नाही. मोडलेला रंग करताना काळ्याला हात लावायचा नाही. काळा सगळा उजेड जवळजवळ सारखाच गिळतो, त्यामुळे त्याचा राखाडी फारसा उष्ण नाही की थंड नाही, आणि शेजारच्या उन्हाला काहीच देत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणात निळा वाढवला तर थंड राखाडी, सिएना वाढवला तर उष्ण. समुद्रकिनाऱ्याचं तीन चतुर्थांश काम एवढ्यात भागतं.

तिसरा टप्पा लोक गाळतात आणि तोच खरा. आता मूळ चित्र बंद करायचं. त्याच तीन छटांची मांडणी, म्हणजे कोरी जागा कुठे आणि किती, गडद कुठे, ही तशीच ठेवून आपल्या ओळखीच्या जागेचं चित्र करायचं. यॉर्कशरचा रस्ता गेला, जांभ्याच्या गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) पाखाडी, म्हणजे पायवाट, आली. उजेडाची व्यवस्था तीच. प्रेरणा घेणं म्हणतात ते एवढंच असतं.

समुद्राबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त नक्कल समुद्राची होते. भूमध्य समुद्राचं टर्क्वॉइज पाणी फोनवर बघून ते गुहागरच्या किनाऱ्यावर ओतणारी चित्रं दर प्रदर्शनात दिसतात. चित्रकलेच्या शालेय परीक्षांपासून समुद्र म्हणजे निळा पट्टा ही सवय लागलेली असते, त्यात ही भर. पाण्याचा रंग दोन गोष्टींनी ठरतो. लांबचं पाणी आपण फार तिरकं बघतो, म्हणून तिथे आकाशाचं प्रतिबिंब जास्त. पायाजवळचं पाणी वरून बघतो, म्हणून तिथे पाण्याच्या आतलं आणि तळाचं दिसतं. रत्नागिरीत याचा पुरावा शेजारी-शेजारी आहे: एकीकडे पांढरा समुद्र, दुसरीकडे मांडवीच्या बाजूचा काळा समुद्र. आकाश एक, वारा एक. पण इल्मेनाइट या खनिजाच्या काळ्या वाळूवरचं उथळ पाणी शिसवी दिसतं आणि पांढऱ्या वाळूवरचं हिरवट. खाडीच्या तोंडाशी, म्हणजे वाशिष्ठीवर दाभोळला किंवा सावित्रीवर बाणकोटला, गाळामुळे पाणी खाकीकडे जातं. पावसाळ्यात तर यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा अल्ट्रामरीन एवढंच पुरतं.

क्षितिजाशी समुद्र आकाशाएवढाच फिकट ठेवणं ही नेहमीची चूक. लाटांचे आपल्याकडे कललेले उतार क्षितिजाजवळचं नव्हे, तर त्याहून बरंच वरचं आकाश परावर्तित करतात, आणि ते जास्त गडद असतं. म्हणून निरभ्र दिवशी पाण्याचा पट्टा त्याला टेकलेल्या आभाळापेक्षा गडद दिसतो. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ हवेत, ती रेघ सुरीने कापल्यासारखी. एप्रिल-मेमध्ये धुरकटीमुळे ती पुसट, आणि तिथे कोबाल्टमध्ये बर्न्ट सिएनाचा थेंब टाकून पाणी सोडलं की काम होतं.

कोकणकिनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, याचा चित्रावर काय परिणाम होतो हे परदेशी चित्रांवरून कळत नाही. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, सह्याद्रीकडून येतं. लाटेचं पुढचं अंग उजळतं, फेस खरोखर पांढरा. संध्याकाळी सूर्य लाटेच्या मागे. तेव्हा लाटेचा पातळ माथा आतून पेटतो, हिरवट पिवळा होतो, आणि त्याखालचं अंग एकदम गडद. फेसाची आपल्याकडची बाजू सावलीत जाते. चमकणाऱ्या पाण्याच्या पट्ट्याशी तुलना केली तर तो फेस राखाडी-निळा असतो. संध्याकाळच्या समुद्रात फेसासाठी कोरा कागद सोडला की चमकीसाठी काही उरत नाही, आणि चित्र दुपारचं वाटायला लागतं. नव्वद टक्के सूर्यास्तचित्रं इथे मार खातात, असं माझं मत आहे. आभाळ कितीही नारिंगी करा.

किनाऱ्यावर बसायची वेळ ठरवतानाही थोडा हिशेब हवा. कॉर्नवॉलमध्ये सेंट जस्टला राहणारे कर्ट जॅक्सन समुद्रासमोर उघड्यावर काम करतात आणि जागा, वेळ, वारा अशा नोंदी चित्रावरच लिहितात. ही सवय मात्र जशीच्या तशी उचलावी. आपल्याकडे भरतीचा ठोकताळा कोळी मंडळींना पाठ असतो: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणून सूर्यास्ताला ओहोटी. ओल्या वाळूत आभाळ उतरलेलं रंगवायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे जावं; खडकांवर फुटणाऱ्या लाटा हव्या असतील तर अष्टमीच्या सुमारास. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून तोच देखावा दुसऱ्या दिवशी त्याच घड्याळाला मिळत नाही. हा ठोकताळा चित्रासाठी पुरेसा आहे. खडकांवर उतरण्यापूर्वी छापील कोष्टक बघावं.

आता पाणी आणि कागद. झबुकविच यांनी रंगाच्या घट्टपणाला पाच नावं दिली आहेत: चहा, कॉफी, दूध, साय, लोणी. कागद किती ओला आहे त्याच्याशी त्यांची जोडी लावायची, एवढा साधा नियम, पण जलरंगातले निम्मे अपघात तो टाळतो. पहिला आभाळाचा हात चहासारखा, भिजलेल्या कागदावर. ढगाची सावली दुधासारखी, कागदावरची चकाकी जाऊन नुसता ओलसरपणा उरला की. कागद सुकत आला असताना त्यावर चहासारखा पातळ रंग गेला तर जास्तीचं पाणी आधीचा रंग ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखा डाग पडतो. तो पुसू नये; पूर्ण वाळू द्यावा, मगच ठरवावं. कोकणात पावसाळी हवेत कागद वाळायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, त्यामुळे परदेशी प्रात्यक्षिकातली 'पाच मिनिटं थांबा' ही सूचना इथे निरुपयोगी. कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरपा धरून चकाकी बघणं, हेच घड्याळ.

पाण्यावरची चमक काढायला रफ किंवा कोल्ड प्रेस, म्हणजे खरबरीत पृष्ठाचा कागद, ३०० जीएसएम वजनाचा, शक्यतो पूर्ण सुती. ब्रशमध्ये सायीइतका घट्ट रंग घ्यायचा, ब्रश फडक्याला टेकवायचा आणि आडवा धरून झरकन एकदाच ओढायचा. रंग कागदाच्या उंचवट्यांवर बसतो, खळगे कोरे राहतात. ब्रश ओला असेल तर खळगे भरतात. हात हळू चालला तरी भरतात. दुसऱ्यांदा फिरवला तर खेळ संपला. मास्किंग फ्लुइड (रंग अडवणारा रबरी द्रव) लावून ठिपके सोडता येतात, पण ते सारखे आणि कडक येतात, आणि उन्हात तापलं तर काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन येतं. न वापरलेलंच बरं. जुना कागद पावसात दमट जागी राहिला असेल तर त्याचं सायझिंग (रंग लगेच शोषू न देणारा लेप) जातं आणि रंग टीपकागदात शिरावा तसा पसरतो. आधी कोपऱ्यात एक थेंब टाकून बघावा.

पोस्टर कलर किंवा ग्वॉश (अपारदर्शक जलरंग) वापरणाऱ्यांसाठी एकच सूचना, पण कळीची. उन्हातली वाळू उजळ करायला पांढरा घातला की रंग थंड आणि खडूमट होतो. पांढऱ्याबरोबर पिवळा किंवा नारिंगीचा टिपका हवाच. झगझगीत गुलाबीचा मोह मात्र आवरावा. ऑपेरा पिंक नावाने मिळणाऱ्या रंगात फ्लुरोसंट डाय असतो आणि तो उडतो. जुना अलिझरिन क्रिमझन हा गडद लालही टिकत नाही. त्यांच्या जागी क्विनाक्रिडोन मॅजेंटा घ्यावा, ट्यूबवर फक्त पीआर १२२ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला. शंका असेल तर रंगाची पट्टी अर्धी झाकून पश्चिमेच्या खिडकीत तीन महिने ठेवा, उत्तर मिळतं.

शेवटी नक्कल आणि स्पर्धा. हयात चित्रकाराचं चित्र अभ्यासासाठी उतरवणं ही जुनी, चांगली रीत आहे. पण भारतात १९५७च्या कायद्यानुसार चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं टिकतो. अभ्यासचित्राच्या मागे 'अमुक यांच्या चित्रावरून' असं लिहून ते घरी ठेवावं. खाली आपली सही करून स्पर्धेला पाठवू नये, विकू तर मुळीच नये. इंटरनेटवरच्या फोटोवरून केलेल्या चित्रालाही हीच अडचण, कारण फोटोही कोणाच्या तरी मालकीचा असतो. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांच्या प्रवेशअर्जात माप आणि माध्यमाचे रकाने असतात. त्यांत आणखी एक घालावा: 'चित्र प्रत्यक्ष जागेवरून / स्वतःच्या फोटोवरून / अन्य संदर्भावरून'. आयोजकांना तो रकाना छापायला खर्च नाही, आणि परीक्षकांना बक्षीस देण्यापूर्वी विचारायला एक प्रश्न मिळेल.

आपला,
निसर्गचित्रण शिकवणारा एक वाचक,
रत्नागिरी